आवडत्या कलाकाराबद्दल इंग्रजीत दोन मिनिटं: आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेची तयारी

कार्ड हातात येतं. त्यावर लिहिलेलं असतं: ज्यांच्याबद्दल तुम्हाला आदर वाटतो अशा एखाद्या चित्रपट कलाकाराविषयी सांगा. खाली चार मुद्दे असतात. कोण आहेत, कोणत्या चित्रपटांत काम केलं, तुम्ही त्यांना पहिल्यांदा कधी पाहिलंत आणि आदर का वाटतो. समोर कागद आणि पेन्सिल. तयारीला एक मिनिट, बोलायला दोन.

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाताना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. परदेशी निघालेल्या मुलामुलींची तिच्यातल्या बोलण्याच्या भागाची तयारी मी करून घेते. नर्सिंग झालेल्या मुली असतात, इंजिनिअर असतात, नवऱ्यापाठोपाठ निघालेल्या गृहिणीही असतात. हे कार्ड दिलं की बहुतेकांची सुरुवात दणक्यात होते. 'माय फेव्हरेट ॲक्टर इज शाहरुख खान. ही इज द किंग ऑफ बॉलीवूड. ही इज व्हेरी हार्डवर्किंग. ही इज व्हेरी टॅलेंटेड. ही इज व्हेरी हम्बल.' चाळिसाव्या सेकंदाला गाडी थांबते. मग छताकडे बघणं आणि 'दॅट्स इट.'

त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कमी पडलं. माझ्या मते कमी पडलेला असतो मजकूर. पाच विशेषणं संपली की सांगायला काही उरत नाही. तेच मराठीत बोलायला सांगितलं तरी त्याच जागी थांबतील. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: कलाकाराचा एक प्रसंग, पडद्यावरचा एकच प्रसंग, बारकाईने सांगता आला पाहिजे. तो हाताशी असेल तर दोन मिनिटं पुरत नाहीत.

आधी परीक्षेचं स्वरूप

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी असे सोपे प्रश्न. दुसऱ्या भागात कार्ड. तिसऱ्या भागात कार्डाच्याच विषयाला धरून चार-पाच मिनिटांची चर्चा. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारही गोष्टींचं वजन सारखं: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. चित्रपटांचं ज्ञान या यादीत नाही. पुरस्काराचं साल चुकलं म्हणून गुण जात नाहीत, तुमची निवड परीक्षकाला आवडली नाही म्हणूनही जात नाहीत. हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धी भीती जाते.

दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतात. घाबरू नका. थांबवलं याचा अर्थ तुम्ही पूर्ण वेळ बोललात, एवढाच.

कोणाला निवडायचं

सगळ्यात मोठा कलाकार निवडायची गरज नाही. ज्याचा एखादा प्रसंग डोळे मिटले तरी दिसतो, तो निवडा. निवड पारखायची रीत सोपी आहे. मोबाइलवर वेळ लावा आणि तो प्रसंग मराठीत कोणाला तरी सांगा. एक मिनिट सहज गेलं तर निवड बरोबर. वीस सेकंदांत आटपलं तर दुसरं नाव शोधा.

मुलं मला विचारतात, परीक्षकाला माहीत नसलेला मराठी कलाकार घेतला तर चालेल का? चालेल, आणि माझा अनुभव असा की ते जास्त चांगलं. शाहरुख सगळ्यांना माहीत आहे असं धरून मुलं काहीच समजावून सांगत नाहीत. अनोळखी नाव घेतलं की ती व्यक्ती कोण, कुठली, चित्रपट कशावर आहे हे सगळं सांगावं लागतं. आणि समजावून सांगताना माणसाची भाषा दिसते.

मी स्वतः उदाहरणासाठी स्मिता पाटील घेते. माझ्या आवडीचा भाग आहेच, पण या कार्डासाठी त्यांच्या आयुष्यात भरपूर सामग्रीही आहे. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, पुण्यात. सुरुवात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचण्यापासून. जीन्स घालून यायच्या आणि कॅमेऱ्यासमोर बसण्यापूर्वी त्यावरच साडी गुंडाळायच्या, असं सांगतात. 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीमुळे १३ डिसेंबर १९८६ रोजी निधन, वय अवघं ३१. जेमतेम दहा-बारा वर्षांची कारकीर्द, आणि तरी 'उंबरठा' किंवा 'जैत रे जैत' आजही घराघरात ठाऊक.

तुमची निवड वेगळी असेल तर उत्तमच. डॉ. श्रीराम लागू घ्या: कान-नाक-घशाचे सर्जन, चाळिशी उलटल्यावर चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ अभिनयात आले. मेडिकलच्या मुलांना हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण रुग्णालय, शस्त्रक्रिया, नोकरीची सुरक्षितता हे शब्द त्यांच्या तोंडात आधीच असतात. इरफान खान घ्या: 'द लंचबॉक्स'मध्ये ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चुकून आलेला डबा ते उघडतात आणि आधी वास घेतात, त्या काही सेकंदांवरसुद्धा मिनिटभर बोलता येतं. शिवाय मुंबईचे डबेवाले म्हणजे काय हे सांगायची आयती संधी.

एक सावधगिरी. कधी कधी कार्डावर 'भेटायला आवडेल अशी प्रसिद्ध व्यक्ती' असं असतं. तिथे दिवंगत कलाकार बसत नाही. हयात असलेलं एक नाव राखून ठेवा. बाकी याच तयारीवर 'मनावर ठसलेला चित्रपट', 'कामात निष्णात असलेली व्यक्ती', 'कलाक्षेत्रातली व्यक्ती' अशी कार्डंही निघून जातात.

प्रसंग कसा बांधायचा

इथे थोडं थांबते, कारण सगळा खेळ इथेच आहे.

केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' १९८७ साली, स्मिता पाटील गेल्यानंतर, प्रदर्शित झाला. इंग्रजांच्या काळातलं खेडं. करवसुलीला आलेला सुभेदार गावात तळ ठोकून बसलेला. त्याची नजर सोनबाईवर, म्हणजे स्मिता पाटील यांच्या भूमिकेवर, पडते, ती त्याच्या थोबाडीत मारते आणि पळत मिरच्यांच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो. आत कांडण-दळण करणाऱ्या बायका, बाहेर शिपाई. आतल्या बायकाच तिला म्हणू लागतात की तू बाहेर जा, आम्हाला का गोत्यात आणतेस. शेवटी दार फुटतं, पहारेकरी मारला जातो, सुभेदार आत येतो, आणि त्याच बायका त्याच्यावर लाल तिखट उधळतात. तो किंचाळत गुडघ्यावर येतो. सोनबाई हातात विळा घेऊन उभी. चित्र तिथेच गोठतं.

आता हे इंग्रजीत बघा, छोट्या-छोट्या वाक्यांत. 'शी प्लेज अ व्हिलेज वुमन कॉल्ड सोनबाई. अ टॅक्स कलेक्टर वॉन्ट्स हर, अँड शी स्लॅप्स हिम इन फ्रंट ऑफ हिज सोल्जर्स. शी रन्स इनटू अ फॅक्टरी व्हेअर विमिन आर ग्राइंडिंग रेड चिलीज. ॲन ओल्ड वॉचमन शट्स द गेट बिहाइंड हर.' एकही अवघड शब्द नाही. पण स्लॅप, ग्राइंड, शट, पुढे ब्रेक डाउन, थ्रो, स्क्रीम, फॉल टू हिज नीज: सगळी हालचाल सांगणारी क्रियापदं आहेत. 'व्हेरी टॅलेंटेड' पाच वेळा म्हणण्यापेक्षा यांनी शब्दसंपत्ती कितीतरी जास्त दिसते.

सराव असा करा. तुमचा प्रसंग मोबाइलवर लावा आणि आवाज बंद करा. क्रिकेटचं समालोचन करतात तसं दिसेल ते इंग्रजीत बोलत जा. पहिल्यांदा शब्द सापडणार नाहीत. विळा, उंबरा, पदर, चूल अशा वस्तूंपाशी अडकाल. तेच शब्द वहीत लिहा. विळा म्हणजे 'सिकल'. पदराला नेमका शब्द नाही, तर 'द लूज एंड ऑफ हर साडी' म्हणा. शब्द नसेल तिथे वर्णन करून वेळ मारून नेता येणं ही मोठी गोष्ट आहे, परीक्षकही ती जमेला धरतात. तीन-चार वेळा असं समालोचन केलं की वाक्यं आपोआप जोडली जातात.

पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं: वेग सारखा राहतो, नजर कुठेतरी अधांतरी जाते, आणि पुढच्या साध्या प्रश्नाला एकदम वेगळाच माणूस बोलायला लागतो. प्रसंग पाठ असू द्या, वाक्यं दर वेळी नवी होऊ द्या.

एका कलाकारात चार काळ

व्याकरणाच्या गुणांसाठी मुलं मुद्दाम लांबलचक वाक्यं घडवतात आणि मध्येच हरवतात. कलाकाराच्या गोष्टीत वेगवेगळे काळ आपसूक येतात. फक्त कुठे कोणता येतो ते ठाऊक हवं.

चित्रपटाची गोष्ट साध्या वर्तमानकाळात: 'शी रन्स', 'ही शट्स'. चित्रपट दर वेळी नव्याने घडतो, म्हणून वर्तमान. दिवंगत कलाकाराचं आयुष्य भूतकाळात: 'शी वॉज बॉर्न इन पुणे', 'शी युज्ड टू रीड द न्यूज ऑन टेलिव्हिजन', 'शी डाइड इन नाइन्टीन एटी-सिक्स'. तुमचा स्वतःचा अनुभव 'हॅव' लावून: 'आय हॅव सीन इट थ्री टाइम्स'. मात्र नक्की वेळ सांगितली की परत भूतकाळ: 'आय फर्स्ट सॉ इट व्हेन आय वॉज इन कॉलेज'. आणि चौथा, 'असं झालं असतं तर'वाला: 'इफ शी हॅड लिव्ह्ड लाँगर, शी वुड हॅव गिव्हन अस मेनी मोअर रोल्स लाइक दिस.'

हे शेवटचं वाक्य एरवी मुलांना जड जातं. पण ३१ व्या वर्षी गेलेल्या कलाकाराबद्दल बोलताना ते मनातून येतं. आपण मराठीत तेच म्हणतो: अजून जगल्या असत्या तर काय काय केलं असतं! मनात असलेलं वाक्य चुकत नाही.

एका मिनिटात कागदावर काय लिहायचं

पूर्ण वाक्य लिहायचं नाही. एक मिनिटात दोन वाक्यंच होतात, आणि मग मुलं ती वाचून दाखवतात. शब्द लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीचा सरावाचा कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर वरून खाली एवढंच आहे: पुणे, न्यूज, जीन्स-साडी. मग एक रेघ. सोनबाई, स्लॅप, गेट, चिली, सिकल. मग रेघ. आई, टीव्ही, गप्प. शेवटी, इफ-लिव्ह्ड.

'आई, टीव्ही, गप्प' म्हणजे तिने हा चित्रपट आईबरोबर घरी टीव्हीवर पाहिला होता आणि संपल्यावर दोघी बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. तिच्या उत्तरातला सगळ्यात जिवंत भाग हाच होता. कार्डावर 'पहिल्यांदा कधी पाहिलं' हा मुद्दा असतो, त्याला मुलं 'इन माय चाइल्डहूड' एवढंच उत्तर देऊन पुढे पळतात. तिथे थांबा. कुठे बसला होतात, बरोबर कोण होतं, संपल्यावर काय झालं ते सांगा. गणपतीत मंडळाने पडदा बांधून दाखवलेला चित्रपट असेल तर तेही सांगा. असं दुसऱ्या कोणाच्या उत्तरात असणार नाही.

दोन मिनिटांची वाटणी

पहिली पंधरा-वीस सेकंद ओळख. 'आय वुड लाइक टू टॉक अबाउट स्मिता पाटील, अ वेल-नोन ॲक्ट्रेस फ्रॉम माय स्टेट, महाराष्ट्र.' मग तिच्या सुरुवातीची एखादी गंमत, जीन्सवरची साडी वगैरे. मग तुम्ही चित्रपट कधी पाहिलात. त्यानंतर मधलं सगळ्यात मोठं मिनिट प्रसंगाला. उरलेली वीस-तीस सेकंद आदर का वाटतो यासाठी.

कार्डावरचे मुद्दे त्याच क्रमाने घ्यायची सक्ती नाही, पण विषयाला धरून राहा. आणि चरित्रात अडकू नका. जन्म, शाळा, आईवडील, पहिला चित्रपट, दुसरा चित्रपट असं सांगत गेलात की प्रसंगाला पोहोचेपर्यंत वेळ संपते.

'आदर का' याचं उत्तर प्रसंगातूनच काढा. 'आय ॲडमायर हर फॉर हर करेज' एवढं म्हणून सोडू नका. पुढे म्हणा: 'इन दॅट लास्ट शॉट शी डझंट से अ सिंगल वर्ड, बट यू कॅन सी एव्हरीथिंग इन हर आइज.' ॲडमायरनंतर 'फॉर' येतो, हेही यातच पक्कं होईल.

मराठीतून सरळ उचललेल्या चुका

आपल्या मुलांच्या बहुतेक चुका मराठीतून येतात, आणि म्हणूनच त्या लवकर सुटतात. मूळ दिसलं की हात आवरता येतो.

आदरार्थी बहुवचन ही सगळ्यात मोठी. आपण 'लागू आले' म्हणतो, 'स्मिता पाटील यांनी केलं, त्या म्हणाल्या' म्हणतो. इंग्रजीत मुलांची जीभ 'दे'कडे वळते, किंवा दर वाक्याला 'सर', 'मॅडम' लावते. इंग्रजीत कितीही मोठा माणूस असो, तो 'ही' आणि ती 'शी'. त्यात अनादर नाही. आदर तुमच्या वर्णनात दिसेल.

'अभिनय केला' याचं 'शी डिड व्हेरी गुड ॲक्टिंग' होतं. त्याऐवजी 'शी ॲक्टेड ब्यूटिफुली' किंवा 'शी प्लेड द रोल ऑफ' म्हणा. 'लहानपणापासून बघतोय'चं 'सिन्स चाइल्डहूड आय ॲम वॉचिंग' होतं, तिथे 'आय हॅव बीन वॉचिंग हर फिल्म्स सिन्स आय वॉज अ चाइल्ड' हवं. 'म्हणजे'चं 'मीन्स' होऊन दर वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतं. त्या जागी 'आय मीन' म्हणा किंवा नुसतं थांबा. 'च'साठी 'ओन्ली' येतो: 'शी वॉज लाइक दॅट ओन्ली.' तो गाळा. 'एक्स्पायर्ड' हे आपण सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत औषध किंवा पासपोर्ट एक्स्पायर होतो, माणूस नाही. 'शी डाइड' किंवा 'शी पास्ड अवे' म्हणा. आणि 'अ', 'ॲन', 'द' मराठीत नसल्यामुळे सुटतात. निदान 'ॲन ॲक्टर', 'द फिल्म', 'द मेन रोल' एवढे तरी जिभेवर बसवा.

आपल्या काही लकबी इंग्रजीत सुंदर उतरतात, त्या जरूर वापरा. अंगावर काटा आला: 'इट गेव्ह मी गूजबम्प्स.' डोक्यातून जातच नव्हतं: 'आय कुडंट गेट इट आउट ऑफ माय माइंड.' पाय जमिनीवर असलेला माणूस: 'डाउन टू अर्थ.' भूमिका जगल्या: 'शी बिकेम द कॅरेक्टर.' एका उत्तरात दोन पुरे, जास्त झाल्या की कानाला टोचतात.

उच्चार

परदेशी ढंग आणायची गरज नाही. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, ऐकणाऱ्याला सहज कळलं की झालं. बनावट ढंग मात्र दुसऱ्याच मिनिटाला गळून पडतो आणि मग दोन आवाज ऐकू येतात.

या विषयातले थोडेच शब्द नीट बसवा. 'फिल्म' एका झटक्यात, 'फिलिम' नाही, आणि त्यातला फ खालच्या ओठाला वरचे दात लावून, आपल्या 'फळ'मधला नाही. 'वुमन' म्हणताना ओठ गोल, दात ओठाला लागू द्यायचे नाहीत; 'व्हिलेज' म्हणताना लागू द्यायचे. अनेकवचन 'विमिन'. सोनबाईची गोष्ट सांगताना हा शब्द चार-पाच वेळा येतो, म्हणून वेळ द्या. 'परफॉर्मन्स'मध्ये जोर 'फॉर'वर, 'कॅरेक्टर'मध्ये 'कॅ'वर, 'ॲडमायर'मध्ये 'मायर'वर.

मध्येच अडकलात तर

साल आठवत नाही? सोडून द्या, 'इन द एटीज' म्हणा. शब्द आठवत नाही? 'आय डोन्ट नो द एक्झॅक्ट वर्ड, बट इट्स अ कर्व्ह्ड नाइफ दॅट फार्मर्स यूज.' चूक लक्षात आली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. प्रत्येक वाक्य मागे जाऊन दुरुस्त केलं की ओघ तुटतो. बोलणं संपलं आणि वेळ उरली असं वाटलं तर 'इफ शी हॅड लिव्ह्ड' ही राखीव ओळ काढा, किंवा दुसऱ्या चित्रपटाचं एक वाक्य. मी 'मंथन' ठेवते: गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन हा चित्रपट उभा केला, आणि २०२४ साली त्याची जतन केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. ही माहिती कोणत्याही परीक्षकाला ऐकायला आवडेल, आणि तुम्हाला सांगायलाही.

तिसरा भाग

कार्ड संपलं की परीक्षक एखाद-दुसरा छोटा प्रश्न विचारतात: तुमच्या मित्रांनाही ही अभिनेत्री आवडते का? दोन वाक्यांत उत्तर द्या. मग चर्चा सुरू होते, आणि प्रश्न तुमच्यावरून समाजावर जातात. कलाकारांना एवढा पैसा मिळावा का? तरुणांवर त्यांचा काय परिणाम होतो? कलाकारांनी राजकारणात यावं का? नाटकातला आणि चित्रपटातला अभिनय यात फरक काय?

इथेही 'माय फेव्हरेट'मध्येच घुटमळणारी मुलं मागे पडतात. आता 'पीपल', 'यंग ऑडियन्सेस', 'सोसायटी' हे शब्द आले पाहिजेत. एक मत, त्याचं कारण, एक उदाहरण, आणि जमलं तर दुसरी बाजू. पैशाच्या प्रश्नाला कोणीतरी असं म्हणू शकेल: 'आय थिंक टॉप स्टार्स आर पेड टू मच, बिकॉज अ फिल्म इज मेड बाय हंड्रेड्स ऑफ पीपल. द लाइटमन वर्क्स द सेम लाँग अवर्स. ऑन द अदर हँड, इट्स द स्टार हू ब्रिंग्ज पीपल टू द थिएटर.' मत कोणतंही चालतं, परीक्षक त्याला गुण देत नाहीत.

नाटक आणि चित्रपटाचा प्रश्न आला तर तो मराठी मुलांचा हक्काचा चेंडू आहे. आपल्याकडे अजून तिकीट काढून नाटकं बघतात. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो, चुकलं तर पुन्हा घेता येत नाही, मध्येच कोणाचा तरी फोन वाजतो आणि नटाला सांभाळून घ्यावं लागतं. चित्रपटात कॅमेरा पापणीजवळ येतो. स्वतः पाहिलेलं सांगताय, म्हणून शब्द शोधावे लागणार नाहीत. प्रश्नच कळला नाही तर 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट?' म्हणायला संकोच करू नका. न कळता भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

शेवटचे दहा दिवस

रोज एकदा, एक मिनिट लिहून दोन मिनिटं, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्याच दिवशी ऐका. ऐकताना सगळं शोधू नका, एका दिवशी एकच: आज फक्त काळ, उद्या फक्त 'मीन्स' किती वेळा आला, परवा फक्त 'विमिन'. पाचव्या दिवशी कलाकार तोच ठेवून प्रसंग बदला, म्हणजे पाठांतर होणार नाही. सातव्या-आठव्या दिवशी घरातल्या कोणाला तरी समोर बसवा. आईला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. ती ऐकताना तिच्या चेहऱ्याकडे बघत बोला, कारण परीक्षेत माणूस समोर असतो किंवा स्क्रीनवर, आणि भिंतीकडे बघून केलेला सराव तिथे कामाला येत नाही.

माझी ती 'आई, टीव्ही, गप्प'वाली मुलगी असाच सराव करायची. आईला शब्द कळत नव्हते, पण 'चिली' आलं की तिला कुठवर आलो ते समजायचं, आणि 'सिकल' म्हणताना मुलीचा हात आपोआप वर जायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिला एवढंच सांगितलं: मूळ पासपोर्ट आताच पिशवीत टाक, त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत; आणि उद्या हात वर गेला तर जाऊ दे.